पोर्टल सुरू होईपर्यंत

जगातली थोर प्रेमं दोन वैरी घराण्यांतच जन्माला येतात. या प्रेमाची घराणी होती पीएचपी आणि जावा, संगणकाच्या दोन भाषा. वैर इतकं जुनं, की ते कशावरून आहे हे दोन्ही घराण्यांत कुणाला धड आठवत नाही. आणि घराण्यांबाहेर ते आहे हेच कुणाला ठाऊक नाही.

भेट झाली ग्रंथालयाच्या बैठकीच्या खोलीत, विजेच्या एकुलत्या एका सॉकेटपाशी. दोन हात, दोन प्लग.

"आधी तुम्ही लावा, ताई," तो म्हणाला.

तिने वर पाहिलं. भिजलेले केस, वाफ धरलेला चष्मा, आणि चष्म्यामागे… डोळे बरे होते. पण त्या एका शब्दाने सगळ्यावर पाणी फिरवलं.

"ताई नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. छत्री माझ्या वायरवर गळतेय, ती उचला."

ग्रंथालयाची साइट गेली सहा वर्षं ती एकटी सांभाळत होती. पीएचपीवर चालणारी साधी प्रणाली: मजकूर लिहा, बटण दाबा, पान जगाला दिसतं. तिला एकोणीस जोडण्या लावलेल्या. एक नवी केली की दुसरी रुसायची. पण लग्नघरातल्या पाहुण्यांसारखं, कोण कधी रुसेल आणि कशाने खुलेल, हे तिला पाठ होतं. समितीला मात्र आता 'पोर्टल' हवं होतं. पोर्टल म्हणजे काय हे समितीला माहीत नव्हतं; म्हणून तर ते हवं होतं. त्यासाठी हा जावावाला बाहेरगावाहून बोलावला होता. समितीचा हुकूम असा, की महिनाभर दोघांनी एकमेकांची प्रणाली वापरायची आणि मिळून एकच तुलनात्मक अहवाल द्यायचा. भांडणाऱ्या दोन पोरांना एकाच बाकावर बसवण्याचा हा प्रकार तिच्या मामांनी सुचवला होता. मामा निवृत्त मुख्याध्यापक आणि समितीचे सल्लागार.

पोर्टल सुरू व्हायला रोज सकाळी अकरा मिनिटं लागत.

"काय करतंय ते इतका वेळ?" तिने पहिल्या दिवशी विचारलं.

"तयारी."

"अहो, वाचनालयाची वेळ सांगायचीय त्याला. वरात नाही काढायची."

"तुमच्यासारखं नाही आमचं. तुमचं दार सताड उघडं. कोणीही यावं, काहीही लिहून जावं."

"आणि तुमच्या दाराला तीन कुलपं. एका सूचनेला तीन मंजुऱ्या! घरात चोरण्यासारखं काही असो वा नसो."

तो हसला. हसताना चष्मा नाकावरून घसरायचा आणि तो एका बोटाने वर सारायचा… तिने अहवालात लिहिलं, 'जावा: अतिशय मंद.' मग चहा आणायला गेली. दोन कप आणले. दुसरा कप का आणला, याचं तिने स्वतःला कारण दिलं: अकरा मिनिटं काहीतरी करायला हवंच ना!

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस पोर्टल चार मिनिटांत उभं राहिलं. तिचा चहा अर्धा, आणि ती त्याला सांगत असलेली बहिणीच्या मांजराची गोष्ट तर मांजर कपाटावर चढलं तिथेच अडकलेली. दिवसभर तिला कशाचा तरी राग येत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा मिनिटं.

"बिघडलं?"

"नाही. मेमरी वाढवली होती काल. काढून टाकली."

"का?"

तो कपाकडे बघत राहिला. "…मांजर कपाटावरच राहिलं होतं."

आता एवढं बोललेला माणूस पुढचं वाक्य बोलेल की नाही? नाही! तो पडद्याकडे वळला. महिना संपत आलेला, निर्णय झाला की तो पुढच्या गावी पुढच्या कामाला जाणार; आणि हे गृहस्थ तोंडात गुळणी धरून बसलेले. वर पुढच्या सोमवारपासून तर तो चहाही पिईना. नजर चुकवायचा, कान लाल करून टंकत बसायचा. असे आठ दिवस. तिने अहवालात लिहिलं, 'जावा: प्रतिसाद नाही.' खोडलं नाही.

नवव्या दिवशी, समितीच्या बैठकीला तासभर असताना, तिच्या पडद्यावर पोर्टलची सूचना उमटली.

'चाचणी सूचना. प्रति: पीएचपी विभाग. मी तुमच्यावर अत्यंत प्रेम करतो. उत्तर कळवावे.'

खाली शेरे होते.

सचिव: 'परिशिष्ट जोडलेले नाही. पुढे पाठवले.'

सल्लागार: 'प्रेम असता "अत्यंत" अनावश्यक. बाकी हरकत नाही. मुलीला सकाळी लवकर उठवत नाही, याची नोंद घ्यावी.'

अध्यक्ष: 'पाहिले.'

तिने खुर्ची गर्रकन फिरवली. "हे काय आहे?"

"तीन आठवडे तिन्ही मंजुऱ्या मीच देत होतो," तो जमिनीशी बोलल्यासारखा म्हणाला. "सोमवारी सकाळी सचिव म्हणाले, आता खरी माणसं बसवा. बसवली. मीच बसवली. आणि दुपारी हे पाठवताना… विसरलो."

"मग परत घ्यायची!"

"परत घ्यायलाही तीन मंजुऱ्या लागतात."

"माझ्या मामांनी वाचलं हे!"

"दुरुस्तीसकट."

"आणि मी इथे, दोन हातांच्या अंतरावर बसलेली! आठ दिवस! तोंडाने सांगता आलं नसतं?"

"वाटलं, मंजुरी आली नाही तर…"

"अहो, मंजुरी माझी हवी होती! समितीची कशाला?"

तिने कपाळावर हात मारला. मग स्वतःची प्रणाली उघडली, दोन ओळी लिहिल्या आणि बटण दाबलं. इकडे मंजुऱ्या नव्हत्या, पायऱ्या नव्हत्या. ग्रंथालयाच्या मुखपृष्ठावर, नव्या पुस्तकांच्या यादीच्या वर, सगळ्या जगाला दिसेल असं आलं:

'हो. आता तरी बोल.'

त्याने वाचलं. चष्मा घसरला, या वेळी तो तिने वर सारला.

"बोल ना," ती म्हणाली.

"थांब… सुरू होतोय."

"किती मिनिटं?"

"तू इतकी जवळ असलीस तर… अकरा नाही लागायची."

तोवर एक्केचाळीस वाचकांनी ते पान पाहिलं होतं. एकाने खाली प्रतिक्रियाही दिली होती: 'अभिनंदन. मासिकांचं दालन कधी उघडणार?'

बैठकीत समितीने दोघांचा अहवाल ऐकून घेतला. एका प्रणालीत काहीही ताबडतोब जाहीर होतं आणि दुसरीत काहीही जाहीर व्हायला नऊ दिवस लागतात, हे दोन्ही मुद्दे सभासदांनी स्वतः अनुभवले होते. सबब दोन्ही प्रणाली नाकारण्यात आल्या.

त्यांच्या लग्नाची सूचना दारातल्या लाकडी फळ्यावर लागली. टाचण्या संपल्या असल्यामुळे ती एकाच कोपऱ्यात टोचली होती.