दुसरा घास

खोटं वाटणार, मला माहीत आहे. तरी सांगते. कारण यातलं शेवटचं मी माझ्या स्वतःच्या बोटानं पुसलंय, आणि ते बोट त्या दिवशी किती वेळा धुतलं याची गणती नाही.

आधीच सांगून ठेवते, यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, रात्रसुद्धा नाही. मागच्या वर्षीचा पौष. भर दुपार. ठिकाण उजनी धरणाच्या फुगवट्याचा काठ, जेऊर स्टेशनापासून फार लांब नाही.

आणि ज्याला लवकर किळस येते त्यानं हे जेवताना वाचू नये. मागाहून मला बोल लावू नका.

चंद्रिका माझी मावसबहीण. माहेर वळसंग, सासर सोलापूर. नवरा महेश्वर कापडदुकानदाराचा एकुलता एक, पण दुकानाच्या गादीवर त्याचा जीव कधी रमला नाही. गोव्यात बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात काही वर्षं काढली आणि तिथूनच एक जुनी शिडाची बोट ट्रेलरवर घालून उजनीला आणली. सोलापूर जिल्ह्यात शिडाची बोट. नातेवाईक हसून हसून बेजार. आम्ही बहिणी म्हणायचो, जावयाला आहेर म्हणून वल्हं द्या.

कॅटामरान म्हणतात तिला. म्हणजे दोन लांबट होड्या शेजारी शेजारी, मध्ये मोकळं पाणी, आणि दोन्हींवर मिळून माळवद टाकावं तशी एक खोली. खोलीत पलंग, कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा. नवराबायको त्या बोटीवरच राहायची. रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवायचं, त्यावर घर चालायचं.

हसत होतो आम्ही, पण चंद्रिकाचं एक दुःख सगळ्यांना ठाऊक होतं. आधीची दोन बाळं पोटातच गेलेली. हे तिसरं. पाचवा महिना लागला होता. ती खोकतानासुद्धा पोट धरायची.

आता घासाचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे.

आमच्यात जेवायच्या आधी एक घास बाजूला काढतात. गाईला, कुत्र्याला, कावळ्याला, जो असेल त्याला. बोटीवर कुठली गाय? पण ओट्याजवळ जमिनीत एक चौकोनी झाकण होतं. बोट उलटली तर बाहेर पडायला म्हणून केलेलं. उघडलं की खाली दोन होड्यांमधलं पाणी दिसायचं. चंद्रिका रोज ते उघडायची, भाकरीचा घास खाली सोडायची आणि कानडीत म्हणायची, "ऊटा माडव्वा." जेव गं बाई.

पाण्याला आपण बाईच म्हणतो. गंगव्वा. त्यात वावगं काही नाही.

एक गोष्ट मात्र तिनं तेव्हा मनावर घेतली नाही. भाकरीचा तुकडा पाण्यावर तरंगायला हवा, निदान पडल्याचा आवाज तरी यायला हवा.

तो कधी... आलाच नाही.

मासे वरच्या वर झेलत असतील, असं ती म्हणायची.

दिवस राहिले तेव्हा तिची आई, आमची शांतम्मा मावशी, फोनवर म्हणाली की आता दोन जिवांची आहेस, दोघांच्या नावानं काढ. झालं. चंद्रिका दोन घास टाकायला लागली. पहिला टाकून म्हणायची, जेव गं बाई. दुसरा टाकून म्हणायची, हा माझ्या बाळाचा.

त्यानंतर वास सुरू झाला.

झाकण उघडलं की भपकन यायचा. शेवाळाचा नाही, मेलेल्या मासळीचा नाही. आंबलेल्या तोंडाचा. सकाळी उठल्यावर म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाला येतो ना, तसा. चंद्रिका ओकून ओकून अर्धी झाली. पण ऐकणार कोण? बाईला दिवस गेले की नाक तिखट होतं, हे शास्त्र सगळ्यांना पाठ. महेश्वर म्हणाला, तुला माझ्या साबणाचासुद्धा वास येतो, बोटीचं काय घेऊन बसलीस.

तिनं मात्र हट्टच धरला. बोट बाहेर काढा, खालून धुवा, नाहीतर मी वळसंगला चालले. अशी बोट खरं तर दर थंडीला बाहेर काढून घासावी आणि रंगवावी लागते. उजनीवर हे थंडीतच जमतं, तेव्हा पाणी काठाला लागलेलं असतं. उन्हाळ्यात मागं सरलं की मध्ये नुसता गाळ, बैलसुद्धा रुतेल. महेश्वरनं पहिल्यापासून 'पुढच्या महिन्यात' म्हणत चालढकल केली होती. आता त्याचा इलाज चालेना.

काठावर धुळाप्पाची वस्ती होती. मेंढरं राखणारा माणूस, पण घरी ट्रॅक्टर. त्याची बायको राजाबाई. वायररोप बांधला, खाली लाकडी ओंडके टाकले आणि ट्रॅक्टरनं बोट हळूहळू वर ओढली. पाणी निथळलं आणि सगळ्यांनी नाकाला फडकी लावली.

शी. मला चंद्रिकानं सांगितलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला होता. बोटीच्या दोन्ही पोटांना वीतभर शेवाळ लोंबत होतं, शेंबडासारखं. त्यात गोगलगायींची अंडी, कुजलेल्या जाळ्याच्या चिंध्या, शिंपल्यांचे घोस. खरवडलं की हिरवं-काळं पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. धुळाप्पाची मेंढरं तिकडं फिरकेनात.

महेश्वर खोलीच्या बुडाखाली वाकून शिरला. वरून खोलीची जमीन, दोन्हीकडून होड्यांच्या भिंती, असा तो बोळ. तिथंही सगळीकडे शेवाळाचा लेप.

फक्त काही जागा... कोऱ्या होत्या.

डावीकडच्या भिंतीवर दोन तळव्यांएवढ्या. उजवीकडच्या भिंतीवर दोन टाचांएवढ्या. चकचकीत पांढऱ्या. जणू कुणीतरी एका भिंतीला हात आणि दुसरीला पाय लावून, पाण्याच्या वर, स्वतःला आडवं तोलून धरलेलं. तळवे लहान होते, बाईमाणसाचे.

आणि तोंड जिथं आलं असतं, बरोबर तिथं ते झाकण होतं.

महेश्वर म्हणाला, दोर घासला असेल. तो खरवडत पुढं सरकला, पलंगाच्या खाली येईल तिथवर. आणि थांबला.

तिथं एक पोळं होतं. भुरकट रंगाचं, परातीएवढं, बुडाला चिकटवलेलं. महेश्वरनं खुरपं घातलं तर आत मऊ. ओलं. कोमट.

त्याचा गोळा सुटून राजाबाईच्या पायाशी पडला. राजाबाईनं काडीनं उकरून बघितलं. भाकरी होती. ज्वारीची. चावून चावून मेण केलेली, लाळेचे धागे सुटलेले, बोटानं दाबून दाबून थरावर थर लावलेली. मळका आंबूस वास. तोच वास.

चंद्रिका तिथंच भडाभडा ओकली. राजाबाईनं तिची पाठ चोळली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पोरी, ही खाऊन टाकल्याली न्हाय. आमी तान्ह्या लेकराला भरवाया चावतो की, तशी चावल्याली हाय."

चंद्रिकानं मनात हिशोब लावला. पहिला घास बाईचा. तो बाई जेवत होती.

दुसरा बाळाचा. तो बाई... जपून ठेवत होती.

तिच्या पलंगाच्या बरोबर खाली. पोटाच्या खाली.

महेश्वरनं सगळं खरवडून काढलं, साबणाच्या पाण्यानं धुतलं, वर रॉकेलचा बोळा फिरवला. ही जागा धरणाआधी कुणाची होती, इथं कोण बुडालं, हे चंद्रिकानं धुळाप्पाला विचारून बघितलं. तो म्हणाला, पाण्याखाली अख्खी गावं गेलीत, कुणाकुणाचं नाव घ्यायचं. तिथंच तो विषय संपला. त्या दिवसापासून दोघं धुळाप्पाच्या वस्तीवर राहिली, जेवण तिथंच. झाकण बंद. घास बंद.

दोन-तीन दिवस काही झालं नाही.

मग रंगाचं सामान आणायला महेश्वर आणि धुळाप्पा जेऊरला गेले. राजाबाई मेंढरांमागं. चंद्रिकाच्या हाताशी होत्या त्या गोळ्या संपल्या, बाकीच्या बोटीवर राहिलेल्या. डॉक्टरांनी एकही चुकवू नको म्हटलेलं, आणि या बाळाच्या बाबतीत चंद्रिका कणभर धोका घेणार नव्हती. म्हणून ती शिडीनं वर गेली. डोक्यावर ऊन तळपत होतं. हातात राजाबाईनं बांधून दिलेल्या भाकरीचं फडकं होतं, ते तिनं ओट्यावर ठेवलं आणि गोळ्या शोधायला पलंगाकडं वळली.

मागून आवाज आला...

मच्. मच्. मच्.

सावकाश. कुणीतरी तोंड मिटून चावत होतं.

तिनं वळून बघितलं. फडकं सुटलेलं. भाकरी नाही. झाकण उघडं.

खाली पाणी नव्हतं, हे लक्षात घ्या. खाली कोरडी जमीन, त्यावर ओंडके आणि उन्हाची पट्टी. चंद्रिका भिंतीला धरून झाकणापाशी गेली. वाकली. खाली कुणी नव्हतं.

चावणं थांबलं.

आणि झाकणाच्या कडेच्या अगदी आतून, जिथं नजर पोचत नाही तिथून... जीभ टाळूला लावून केलेला 'टक्' आवाज. बाळाला भरवताना आपण करतो तसा. मग लाडानं काढलेला एक लांब आवाज.

"आऽऽ..."

चंद्रिकाचं तोंड उघडलं.

तिनं उघडलं नाही, ते उघडलं. तिला कळत होतं आणि मिटता येत नव्हतं. जबडा दुखेपर्यंत उघडं. नाकात तो वास भरला. जिभेवर काहीतरी कोमट, गिळगिळीत आलं, मीठ नसलेल्या भाकरीची चव आली, आणि घशानं ते गिळलं.

आणि त्याच क्षणी पोटात बाळ पहिल्यांदा हललं.

आईला किती वाट असते हो त्या हालचालीची. दोन बाळं न हलताच गेलेली. हे हललं ते असं.

शिडीवरून ती कशी उतरली हे तिला आठवत नाही. महेश्वर आला तेव्हा ती वस्तीच्या अंगणात बसून घशात बोटं घालत होती. त्यानं ऐकून घेतलं आणि एकटा बोटीखाली गेला. पलंगाच्या खालच्या जागी, दोन-तीन दिवसांपूर्वी धुऊन कोरड्या केलेल्या बुडावर, ओला गोळा होता. त्यावर बोटांचे ठसे.

तो परत आला तो पांढराफटक. एवढंच विचारलं, "तू घास टाकला होतास का?"

ती नाही म्हणाली.

त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत दोघं सोलापूरला आली. बोट अजून तिथंच आहे, ओंडक्यांवर, रंगाविना. महेश्वर आता दुकानात बसतो. त्याला बोटीचं विचारलं की उठून आत जातो.

बाळ झालं. नऊ महिने भरून, सुखरूप. मुलगा. नाव शिवू. आम्ही सगळे म्हणालो, सुटलो बाई एकदाचे.

त्याच्या उष्टावणीला, म्हणजे पहिल्यांदा अन्न भरवतात तेव्हा, मी होते. हे गेल्याच महिन्यातलं. सकाळपासून घरात गोडाचा स्वयंपाक. गव्हाची खीर, पुऱ्या. शांतम्मा मावशीनं शिवूला मांडीवर घेतलं, चांदीच्या चमच्यात खिरीचा थेंब घेतला. शिवू ओठ घट्ट मिटून बसला. चमचा ओठाला लावला तर मान फिरवायचा. आम्ही हसलो. मावशी लाडानं म्हणाली, "आ कर रे राजा. आऽऽ..."

त्यानं तोंड उघडलं.

मावशीचा चमचा हातातच राहिला. मी जवळ होते, मी वाकून बघितलं. जिभेवर, टाळूला, गालाच्या आत... भुरकट लगदा. मी बोट घालून काढला. कोमट होता. मऊ मेण. मला त्या वासाचं वर्णन चंद्रिकानं कितीदा केलं होतं, पण मला वाटायचं ती वाढवून सांगते.

ज्या पोराला एक दात नाही, त्याच्या तोंडात चावलेली भाकरी. आणि त्या दिवशी घरात भाकरी झालीच नव्हती.

आमच्या आधीच कुणीतरी त्याची उष्टावण केली होती.

मावशी म्हणाली, कुणा पोरानं भरवलं असेल, आणि घाईघाईनं खीर चाटवली. त्यानं ती थुंकली. चंद्रिका रडली नाही, ओरडली नाही. नाकाला पदर लावून तिनं फक्त मला न्हाणीघराचं दार लावून घ्यायला सांगितलं. मी लावायला गेले तर मोरीच्या तोंडाशी ओलं होतं, आणि कडेला शेवाळाचा एक धागा.

मी वळले तेव्हा शिवू आईच्या खांद्यावरून त्या बंद दाराकडं बघत होता. तोंड उघडून.

मी त्या दिवसापासून भाकरी खात नाही. सोलापुरात राहून. लोक हसतात, हसू देत.

परवा चंद्रिकानं फोन केला. शिवू तिचं दूध आता अजिबात घेत नाही, वरचंही काही नाही, चमचा दिसला की ओठ मिटतो. मी घाबरून विचारलं, डॉक्टरांना दाखवलंस का?

म्हणाली, दाखवलं की. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका. बाळाचं वजन छान वाढतंय.