एक्केचाळीस मिनिटं

दोन्ही विमानतळांमधलं अंतर दोनशे दहा किलोमीटर, आणि पंख्यांच्या त्या छोट्या विमानाला लागायची एक्केचाळीस मिनिटं. पलीकडचा कारकून फोन करून "निघालं" म्हणायचा, इकडचा कारकून वहीत वेळ लिहायचा. विमान टेकलं की दुसरी वेळ. एकोणीस वर्षं दोघांची दोस्ती या एका शब्दावर चालली होती. तोंड मात्र एकमेकांचं पाहिलेलं नव्हतं.

गेल्या महिन्यात एका दुपारी विमान चौतीस मिनिटांतच आलं. वारा पाठीशी असेल, म्हणून इकडच्या कारकुनाने सोडून दिलं. पुढच्या खेपेला एकोणतीस, मग बावीस. त्या दिवशी तर वारा साफ पडलेला होता.

"आज फार लवकर?" त्याने वैमानिकाला विचारलं.

"एक्केचाळीस मिनिटं," वैमानिक मनगट पुढे करत म्हणाला. "नेहमीसारखं."

त्याचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळापेक्षा एकोणीस मिनिटं पुढे होतं.

कारकुनाच्या मनात पाल चुकचुकली. पण खरं लिहावं तर चौकशी लागणार, आणि निवृत्तीला उरलेलं जेमतेम वर्ष. विकतचं दुखणं घेतो कोण? निघायची वेळ मागे ढकलून तो रोज वहीत एक्केचाळीस बसवू लागला. खोटं असलं तरी पान मोठं नेटकं दिसायचं. प्रत्यक्षात सोळा झाली, नऊ झाली, गुरुवारी तर दोनच. फोन ठेवून चष्मा पुसेपर्यंत चाकं टेकली. उतरलेली माणसं मुकाट बाहेर गेली. पोहोचलो म्हणून एकानेही घरी फोन लावला नाही.

आणि शुक्रवारी त्याच विमानाने त्याची लेक यायची होती.

आईचं दुखणं त्याने तिच्यापासून शेवटपर्यंत लपवलं, म्हणून दोन वर्षं ती त्याच्याशी बोलली नव्हती. आता आपणहून येते म्हणाली होती. त्याने भीत भीत फोन लावला.

"बसने ये ना."

"का?"

"असंच गं."

"बाबा, पुन्हा काहीतरी लपवताय का?"

"छे! काय लपवणार?"

फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. खरं सांगितलं तर ती हसेल, येऊ नको म्हटलं तर कायमची तुटेल. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

शुक्रवारी पलीकडून फोन आलाच नाही. विमान मात्र आलं.

लेक सगळ्यांच्या शेवटी उतरली. खांद्याला तिच्या आईची निळी पिशवी. ती थेट त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"आलीस गं बाई," तो डोळे पुसत म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला.

"आज उशीर आहे हो," पलीकडचा म्हणाला. "विमान अजून इथेच उभंय. तुमची लेक समोर बसलीय, देतो तिच्याकडे."

"बाबा?" आवाज तिचाच होता. "चढतेच आहे आता. आल्यावर आईचं सगळं सांगायचं हं मला. काही लपवायचं नाही."

त्याला चढू नकोस, एवढंच म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं.

समोरचीने हात पुढे केला आणि फोनचा खटका बोटाने दाबून धरला.

मग दुसऱ्या हाताने तिने वही उघडून त्याच्यापुढे सरकवली.

"एक्केचाळीस मिनिटं," ती म्हणाली. "नेहमीसारखं."