जळलेल्या चांदीचे काटे

सुकेशनी ताडकळसच्या बाजारात मावशीच्या पैंजणांना चांदीचा मुलामा करून घ्यायला गेली, आणि अडकली ती दुकानातल्या एका बिघडलेल्या वाटीपाशी. वाटीच्या काठावर चांदीला बाभळीसारखे बारीक काळे काटे फुटले होते. दुकानदाराचं भिंग तिनं न विचारताच डोळ्याला लावलं.

“ठेवा ती... करंट जास्त झाला का चांदी जळती,” दुकानदार धम्मानंद ओशाळून म्हणाला.

“मला अशीच जळकी पायजे.”

तो तिच्याकडं असा बघत राहिला, की तिला उगीचच ओढणी सावरावी लागली.

मग तिनं सगळं सांगितलं. परभणीच्या कॉलेजात ती संशोधन करत होती. चांदीच्या द्रावणात वीज सोडायची आणि कार्बनच्या पट्टीवर केसाहून हजारपट बारीक कण वाढवायचे. कणांना काटे फुटले, तर त्यांच्या मदतीनं विहिरीच्या पाण्यातलं फवारणीचं औषध ओळखता येणार होतं. पण तिचे कण गोलच यायचे. बारा दिवसांनी मोठ्या सूक्ष्मदर्शकाची तारीख होती. तेव्हाही गोलच निघाले, तर विषय बदलावा लागणार, म्हणजे तीन वर्षं पाण्यात.

दुकान बंद असायचं त्या सोमवारी धम्मानंद मोटारसायकलवर तिच्या प्रयोगशाळेत हजर झाला. तिनं करंट वाढवला, तर पट्टीवर नुसता काळा चिखल. तेव्हा त्यानं बटणावर बोट ठेवलं. जरा चालू, जरा बंद... पट्टीजवळची चांदी संपली, की नवी यायला वेळ द्यायचा, हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं.

“पाण्याला दम खाऊ द्या थोडा. तुमी सेकंद मोजा.”

ती मोजू लागली. सातनंतर एकदम अकरा आले.

“मोजायलाव का माझ्याकडं बघायलाव?”

“दोन्ही,” ती म्हणाली, आणि मान खाली घालून पुन्हा एकपासून सुरुवात केली.

तारखेच्या दिवशी तिनं सूक्ष्मदर्शकापासूनच त्याला फोन लावला. “काटे आलेत...” एवढंच कसंबसं म्हणाली आणि रडली. या माणसाचे उपकार कसे फेडावेत, तिला कळेना.

प्रबंध छपाईला जायच्या आदल्या दिवशी तिनं ऋणनिर्देशाचं पान त्याच्यापुढं ठेवलं. मार्गदर्शकांच्या खालोखाल ओळ होती – ‘श्री. धम्मानंद यांचे मनःपूर्वक आभार.’

त्यानं दोनदा वाचलं. “ही ओळ काढा.”

तिचा चेहरा पडला. “का? माझं काम तुमच्यामुळं झालंय. लोकांना कळू द्या की.”

“आभार परक्याचे मानत्यात...” तो पानाकडंच बघत होता. “आपल्या माणसाचे कुटं कुणी मानतं?”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

सुकेशनीनं पेन उघडलं. “नाव न्हाई काढणार मी,” ती म्हणाली. तिनं ‘यांचे मनःपूर्वक आभार’ खोडलं. मग जरा थांबून ‘श्री.’ही खोडलं, आणि पान त्याच्या हातात दिलं.