उखडलेला गतिरोधक

सोजरबाईंचं कुणी खरं मानलं नाही. मानतील तरी कशाला? चौथी शिकलेली भाजीवाली. तिचं तोंड वाजतं, एवढंच लोकांना ऐकू येतं.

खराडीत, शाळेसमोर रस्त्याच्या कडेला त्यांची हातगाडी. पहाटे मंडईतून माल आणायचा आणि पाय सुजेपर्यंत उभं राहायचं. समोरचा रस्ता तळहातासारखा सपाट. तरी आयटी पार्कची गाडी तिथे आली की आधी पुढची चाकं दणकायची, मग मागची. धप्... धप्. कशावरून तरी गेल्यासारखी.

"मावशी, कान तपासून घ्या," दूधवाला जयसिंग म्हणायचा.

"कान शाबूत आहेत. तुझ्या दुधातलं पाणीसुद्धा ऐकू येतं मला."

तिथे पूर्वी गतिरोधक होता. रहिवाशांनीच भांडून करून घेतलेला. पण पलीकडच्या मंगल कार्यालयात येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या खालून घासतात, म्हणून कार्यालयाचे मालक हिंमतराव यांनी बैठक बोलावली. अख्खी गल्ली त्यांचीच भाडेकरू. त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी विचारलं, हात वर झाले, गतिरोधक उखडला गेला. एकट्या सोजरबाईंचा हात खाली राहिला.

महिना झाला नसेल, तिथेच आयटी पार्कच्या गाडीने हिंमतरावांच्या सुनेला, मैनाला उडवलं; ती जागीच गेली. रोज हातगाडीवर यायची बिचारी. "मावशी, कोथिंबिरीच्या दोन काड्या जास्त घाला की," म्हणायची.

"डोक्यावरचा पदर डोळ्यांवर आला, बघितलंच न्हाई तिनं," हिंमतराव म्हणाले. भाडेकरूंनी माना हलवल्या. दोष मैनाचा ठरला. रस्ता दणकायला लागला तो तेव्हापासून.

सोजरबाईंची नात उत्कर्षा त्याच शाळेत. रोज तिथूनच रस्ता ओलांडायची. पुढची पाळी पोरीची, हे सोजरबाईंच्या डोक्यातून जाईना. त्यांनी महापालिकेत इतके हेलपाटे घातले की शेवटी कंटाळून एक इंजिनिअर पुन्हा रहिवाशांचं मत घ्यायला आला.

तिन्हीसांजेची वेळ, त्यात लोडशेडिंग. सगळे रस्त्यातच घोळका करून उभे. कार्यालयाचा जनरेटर घरघरत होता, त्याचाच काय तो उजेड.

"इथे गतिरोधक हवा, त्यांनी हात वर करा."

सोजरबाईंनी केला. बाकीचे हिंमतरावांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आक्का, किती ताणायचं आता?" हिंमतराव म्हणाले. "सपाट रस्ता झ्याक हाय."

"ताणते. माझी पोर जाते इथून."

दिवसभर ओझी उचललेला खांदा ठणकत होता. सोजरबाईंनी हात खाली घेतला नाही.

तेवढ्यात जनरेटर बंद पडला.

अंधार. रस्त्यावर एकही गाडी नव्हती, लांबवर दिवाही नव्हता. आणि तरी... धप्. सगळ्यांच्या पायाखाली. मग, जरा थांबून... धप्.

चुरगळलेल्या कोथिंबिरीचा वास आला. सोजरबाईंची कोथिंबीर तर सकाळीच संपली होती.

जयसिंगचा हात हळूच वर गेला. त्याच्या शेजारणीचा गेला. मग कुणी हिंमतरावांकडे बघायलाही थांबलं नाही.

"एवढे हात वर आहेत," इंजिनिअर मोबाईलचा दिवा फिरवत वैतागून म्हणाला, "मग आधीचा काढायला लावला कुणी?"

ते नाव घ्यायची टाप कुणाची?

"मामंजींनी..."

बाईचा आवाज. दमलेला, खालून, डांबरातून आल्यासारखा. सोजरबाईंनी तो लगेच ओळखला. हिंमतराव दोन पावलं मागे सरकले.

इंजिनिअरला वाटलं, गर्दीतलीच कुणीतरी आहे.

"मामंजी म्हणजे कोण, बाई? नाव सांगा."

जिवंतपणी जिने सासऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं, ती जराशी अडखळली.

"हिंमतराव."