विमान धावपट्टीवर येईपर्यंत

शिरूरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या सबीनाला पहिला संशय हेल्मेटचा आला. मोटारसायकलवर मागं गोधडीत बांधलेला सीपीयू, हेल्मेट त्याला घातलेलं आणि चालवणारा बोडका.

"मी रिजवान, यवतचा. विमानाचा गेम हाय. लोडच व्हईना..."

"यवतहून शिरूरला? मधे केडगावची दुकानं बंद होती का, रिजवानभाई?"

"उघडी होती," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "बघत बघतच आलो."

दुसरा संशय.

गिऱ्हाइकाच्या शब्दावर सबीना विसंबत नसे. गिऱ्हाइकानं घरी मशीन चालू करायचं, तिला फोन लावायचा आणि काम होईपर्यंत ठेवायचा नाही, ही तिची पद्धत. तिनं त्याला आल्या पावली परत पाठवलं. तो हसत गेला. तिसरा संशय.

जुन्या हार्डडिस्कवर विमान धावपट्टीवर येईपर्यंत फोनवर त्याचं गुऱ्हाळ, त्याच्या म्हशीचं बाळंतपण आणि तिनं नाकारलेली स्थळं, सगळं बोलून झालं. मग तिनं मशीन परत मागवून एसएसडी, म्हणजे झटपट चालणारी नवी डिस्क, बसवली. आता "जेवलात का?" म्हणेपर्यंत विमान उभं.

"झालं..." मयताची बातमी द्यावी तसा तो म्हणाला.

काही दिवसांनी स्वारी पुन्हा हजर. "ह्याच्याहून फास्ट टाका."

"फरक पडणार न्हाई. वाचायचा तो वेळ वाचला. आता उरलेला प्रोसेसर आन् इंटरनेट खातंय."

"टाका तरी. टेस्ट तर व्हईल..."

दुकानदार नको म्हणतेय आणि गिऱ्हाईक हट्ट धरतंय? तिच्यावर जळणाऱ्या दौंडच्या दुकानवाल्यानंच पाठवला असणार! महागडी बसवून घ्यायची आणि 'काही फरक नाही' म्हणून गावभर बोंब मारायची. अब्बांनी दुकान नुकतंच तिच्यावर सोपवलं होतं. नाव गेलं, की शटर खाली आणि स्थळं पुन्हा सुरू.

तरी तिनं बसवली. फोनवर पुन्हा जेमतेम "जेवलात का?" एवढाच वेळ. फोन बंद झाल्यावर तिला उगाचच राग आला... प्रोसेसरचा.

पुढच्या खेपेला तो गुळाची ढेप घेऊन आला. "जुनी हार्डडिस्क परत बसवा."

"कुणी पाठवलंय तुम्हाला? खरं सांगा!"

"कुणी न्हाई हो." तो हेल्मेटकडं बघत राहिला. "जुनीवर तुम्ही लई बोलायचात. आता 'जेवलो' म्हणतोय, तवर विमान उभं... आन् मला उडवताच येत न्हाई."

"पुरावा?"

"गेम उघडून बघा."

तिनं उघडला. एकूण उड्डाणं: शून्य.

सबीनानं सीपीयूचं हेल्मेट काढलं, त्याच्या डोक्यात घातलं आणि पट्टा जरा जास्तच आवळला.

"जुनी मिळणार न्हाई. दुकानाचं नाव जाईल. आन् विमान उभं राहिलं की फोन ठेवायचा, असं मी कवा म्हणाले... रिजवान?"

'भाई' गायब झाल्याचं परतीच्या वाटेवर, न्हावरे गावात, त्याच्या ध्यानात आलं. त्यानं गाडी कडेला घेतली आणि फोन लावला.

"काय लोड होतंय?" तिनं संशयानं विचारलं.

"काहीच न्हाई," तो म्हणाला. "...जेवलात का?"