पोत्यातल्या ओल्या डब्या

"परत? पुन्हा परत?" कप्तान जवळजवळ किंचाळलीच.

भंगाराच्या गाडीवाल्या ताईंनी पोतं फाटकाशी टेकवलं आणि त्याचं तोंड सोडलं. आत कॉफीच्या मशीनमध्ये घालतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या कॅप्सूल होत्या. मुलं त्यांना सरळ 'डब्या' म्हणायची. असा काही भपकारा आला की चष्मिसनं घाईघाईनं नाक धरलं.

"बुरशी!" ताई म्हणाल्या. "चोथा काढून, धुऊन, वाळवून द्यायच्या असं ठरलं होतं ना? असला माल वितळवायला घेत नाहीत. मलाच बोलणी बसतात. आता पुढचा शनिवार शेवटचा. पुन्हा असंच निघालं तर गाडी या फाटकाशी थांबणार नाही."

गाडी गेली. तिघं पोत्याभोवती उभे राहिले.

आता सांगायलाच हवं, हे तिघं काही ऐरेगैरे नव्हते. इमारतीत घरोघरी कॉफीची मशीन होती आणि घरोघरच्या डब्या कचऱ्यात जात होत्या. सुट्टी लागल्या लागल्या कप्तान, चष्मिस आणि धाकटा टमटम यांनी दारोदार जाऊन त्या मागायला सुरुवात केली. चमच्याच्या दांड्यानं वरचा पत्रा फाडायचा, चोथा कुंड्यांत घालायचा, डबी धुवायची, गच्चीवर वाळवायची आणि जिन्याखालच्या खोलीतल्या पोत्यात भरायची. हात काळे, नखं काळी! अध्यक्षकाकांनी ती खोली दिली होती, पण कुरकुरत. "पोरखेळ आहे सगळा. चार दिवसांत कंटाळाल," असं म्हणून.

"गाडी बंद झाली तर काका खोलीही काढून घेतील," चष्मिस म्हणाला.

"आणि म्हणतील, बघा, मी म्हटलं नव्हतं?" टमटमनं काकांची हुबेहूब नक्कल केली.

कप्तानला हसू आलं नाही. "आपण ओली डबी कधी भरतच नाही. कुणीतरी मागून टाकतंय. ते कोण आहे ते मी शोधून काढणार आणि अख्ख्या इमारतीसमोर उभं करणार!" ती इतक्या जोरात म्हणाली की वरच्या दोन खिडक्या उघडल्या.

अंगणात पोतं ओतलं. बहुतेक डब्या लख्ख होत्या. बुरशी धरली होती ती मूठभर डब्यांनी. त्यांच्यात चोथा तसाच गच्च भरलेला होता. चष्मिसनं खिशातून भिंग काढलं. तो आंघोळीलासुद्धा भिंग घेऊन जातो, असं टमटमचं म्हणणं.

"अरे, इकडे बघा! मशीनच्या सुया डबीला खालून तीन भोकं पाडतात ना? या सगळ्या चोथावाल्या डब्यांवर दोन भोकं गोल आहेत आणि तिसरं लांबट फाटलंय. प्रत्येकीवर!"

"म्हणजे एका सुईचं टोक वाकलंय!" कप्तान ओरडली. "म्हणजे सगळ्या एकाच मशीनमधून आल्यात!"

मग काय, तिघं निघाले. "काकू, सुट्टीतला प्रकल्प आहे, एक वापरलेली डबी द्या ना!" मोठी माणसं खूश! कुणी डबी दिली, कुणी वर खाऊही दिला. अध्यक्षकाकांच्या घरची डबी उलटी करताना टमटमनं श्वास रोखून धरला होता. तिन्ही भोकं गोल!

"छे! मला तर काकांची खात्रीच होती," तो हिरमुसून म्हणाला.

सगळ्या घरच्या डब्या बघून झाल्या. फाटलेलं भोक कुठेच सापडेना.

"एक घर राहिलंय," टमटम म्हणाला.

"कुठलं?"

"तुझं."

कप्तानचा पारा चढला. "आमचं? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? माझी आई स्वतः डब्या धुते, मोजून ओट्यावर पालथ्या घालते!"

"मी कुठे काय म्हणतोय? सगळ्यांची आणली, तुझीही आण."

ती पाय आपटत वर गेली. ओट्यावरची एक डबी उचलून तिनं उलटी केली. दोन भोकं गोल होती. तिसरं लांबट फाटलेलं होतं.

ही डबी बुटानं चेपून टाकली असती, तर कुणाला कळणार होतं? दुसऱ्या कुणाची दाखवली असती तरी चाललं असतं. असं तिच्या मनात आलं, खोटं कशाला बोला? पण मग ती खाली आली आणि तिनं डबी दोघांच्या पुढ्यात ठेवली. "आमच्याच घरातलं कुणीतरी आहे," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता.

सोमवारी दुपारी, सगळी इमारत पेंगत असताना, तिघं जिन्याखालच्या खोलीत जुन्या खोक्यांमागे दबा धरून बसले. बराच वेळ काहीच होईना. मग कडी हळूच सरकली. कुणीतरी चवड्यांवर आत आलं, पोत्याशी वाकलं आणि रुमालातून काहीतरी ठिबकतं बाहेर काढलं.

"आजोबा!" कप्तान उडी मारून उभी राहिली.

आजोबा दचकून खोक्यांवरच बसले. "अगं... मी आपलं... पोतं नीट आहे का ते बघायला..."

"चपला हातात घेऊन?" टमटमनं विचारलं.

आजोबांनी हातातल्या चपलांकडे पाहिलं आणि हार मानली. "डॉक्टरांनी कॉफी एकच सांगितलीय. तुझी आई ओट्यावरच्या डब्या मोजते. दुपारी ती ऑफिसात असते, आणि मला काही राहवत नाही. मग ती दुसरी डबी ठेवू कुठे? कचऱ्यात टाकली तर तू ओरडणार. म्हटलं, पोत्यात टाकावी, रिसायकल तर होईल!"

"पण ती ओली असते हो! बंद पोत्यात कुबट होऊन तिला बुरशी लागते. दोनदा परत आलं पोतं!"

आजोबांचा चेहराच उतरला. "ते माझ्यामुळे?"

कप्तानला रडूच फुटलं. "मी सगळ्यांसमोर उभं करणार म्हटलं होतं. आता काय करू?"

"आधी हे पोतं ओत," आजोबा बाह्या सरसावत म्हणाले. "बाकीचं नंतर बघू."

आणि एकेक डबी पुन्हा धुतली गेली. सगळ्यात काळे हात आजोबांचे झाले.

शनिवारी फाटकाशी बरीच माणसं जमली. अध्यक्षकाका हाताची घडी घालून उभे. ताईंनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, अगदी तळातली डबी काढली, हुंगली.

"कोरडी ठणठणीत! असा माल तर हॉटेलवालेसुद्धा देत नाहीत!"

टमटमनं जागच्या जागी तीन उड्या मारल्या.

"ते ठीक," काका म्हणाले. "पण ओल्या डब्या टाकत होतं कोण? सापडलं का?"

कप्ताननं आजोबांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलताच आलं नसतं.

"सापडलं," ती म्हणाली. "आमच्याच घरचं होतं, काका. चूक आमची. तुम्हा सगळ्यांवर उगाच संशय घेतला."

"घरचं म्हणजे मी!" आजोबा गर्दीतून पुढे आले. "चोरून दुसरी कॉफी प्यायचो आणि डबी इथे लपवायचो."

"बाबा! दुसरी कॉफी?" कप्तानची आई मागून ओरडली आणि सगळे खो खो हसत सुटले.

हसू ओसरल्यावर काकांनी घसा खाकरला. "पोरांनो, मी पोरखेळ म्हणालो होतो. चुकलो. खोली तुमची. आणि मुली, आपल्या माणसाची चूक चारचौघांत सांगायला मोठी छाती लागते. आम्हा मोठ्यांना नाही जमत."

पोतं गाडीत चढलं. चष्मिसनं अभिमानानं चष्मा पुसला, टमटमनं गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला.

आजोबा मात्र वर जायला तयारच होईनात. संध्याकाळभर ते फाटकाशी ताठ उभे होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून, विचारलं नसताना सांगत होते, "अहो, मला रंगेहाथ पकडलं! कुणी माहितीये? माझ्या नातीनं!"