ढेरपोट्याचं डोकं

"मेरेरिड, ढेरपोट्याचं डोकं गेलं गं!"

सकाळी आठला कपडेपट सांभाळणाऱ्या टेलेरीचा फोन आला तेव्हा मेरेरिडच्या तोंडात पावाचा घास होता. तिनं तो तसाच गिळला आणि स्टुडिओकडे धावली.

'नववा चंद्र' ही मालिका सत्तावीस वर्षांनी पुन्हा सुरू झाली होती. आमच्या कार्डिफमध्ये तिचं कोण कौतुक! यंदाचा चौथा भाग विनोदी होता. त्यात छत्र्या खाणाऱ्या ढेरपोट्या राक्षसाला शेवटी उचकी लागते, डोकं फुटतं आणि हिरवं कस्टर्ड चहूकडे उडतं. हे दृश्य आज बाराला घ्यायचं होतं. आणि रबराचं ते डोकं होतं एकच.

मेरेरिडचं काम दृश्यांचा मेळ राखायचं. काल नटाचं बटण उघडं असेल तर आजही उघडंच हवं. त्यासाठी ती प्रत्येक दृश्याच्या आधी आणि नंतर फोटो काढायची. तिच्या नजरेतून टाचणी सुटत नसे.

कपडेपटात निर्माता हेद्विन टेलेरीवर तोंडसुख घेत होता.

"किल्ली कुणाकडे होती?"

"दिवसभर माझ्याकडे. घरी जाताना खुंटीवर. एकोणीस वर्षं तिथंच ठेवतेय."

"बारापर्यंत डोकं मिळालं नाही तर उद्यापासून येऊ नकोस."

टेलेरीनं राक्षसाच्या पोशाखाची पेटी पुन्हा उघडून दाखवली. पोरांना एकटीनं वाढवलेली ती बाई, पण तिच्या डोळ्यांत पाणी कुणी पाहिलं नव्हतं. आज दिसलं.

मेरेरिडनं पेटी पाहिली. कुलूप शाबूत होतं. राक्षसाचे हात होते, पाय होते, पोट होतं. विकायला चोरलं असतं तर चोरानं सगळाच राक्षस नेला असता. मोरीपाशी जमिनीवर पांढरे ठिपके होते.

"हे काय गं?"

"मुखवट्याला आतून लावतो ती पावडर असेल. पण मेली निघतच नाही! ओल्या फडक्यानं घासघास घासली."

मेरेरिडनं नखानं एक ठिपका खरवडला. त्याचा टवका निघाला. तो तिनं खिशात टाकला.

राक्षसाच्या पोटात शिरणारा नट मॅक्सेन बाहेर चहा पीत होता. पंधरा वर्षं गावोगावी लोकांना हसवून त्याला आत्ता कुठं टीव्हीवर काम मिळालं होतं.

"तुला ते डोकं आवडत नव्हतं म्हणे?"

"आवडेल कसं? नाक एका बाजूला दाबलं जातं, डावी भुवई कापून निघते. कुणा भलत्याच्याच मापाचं बनवलंय. पण म्हणून चोरीन? एवढा येडा दिसतो का मी? बरं, उत्तर देऊ नकोस."

मेरेरिडनं आपले फोटो चाळले. दर तालमीनंतर मॅक्सेनच्या डाव्या भुवईवर एक लाल रेघ होती. रोज, त्याच जागी.

मग ती एलुनेडच्या कार्यशाळेत गेली. जुन्या मालिकेपासूनचे सगळे राक्षस अडुसष्ट वर्षांच्या या बाईनं घडवलेले. आत चांगली ऊब होती. मेरेरिडनं कोट काढून खुंटीला अडकवला. शेजारी भिंतीवर एलुनेडच्या नवऱ्याचा, इदवालचा फोटो होता. जुन्या ढेरपोट्याचं डोकं काखोटीला मारून तो हसत होता. त्याचं नाक वाकडं, डावी भुवई मधोमध चिरलेली. अकरा वर्षं तो त्या वेषात टीव्हीवर दिसला आणि एकदाही कुणी त्याचा चेहरा पाहिला नाही. जानेवारीत तो गेला.

"दुसरं डोकं होईल, एलुनेड?"

"कसलं होतंय! ज्या प्लास्टरच्या डोक्यावर घडवलं तेच रबर भाजताना भट्टीत तडकलं. तुकडे झाले." तिनं फोटोची चौकट पुसली. "माझं काम संपलं, पोरी. आठवडाभर हात रिकामे आहेत."

मेरेरिडला खूप वाईट वाटलं. पण टेलेरीचे डोळे आठवले आणि अकरा वाजता तिनं हेद्विनला, टेलेरीला आणि मॅक्सेनला तिथं बोलावून आणलं.

"चोर कोण ते सांग," हेद्विन म्हणाला.

"सांगते. असा मुखवटा नटाच्या चेहऱ्याच्या प्लास्टरच्या ठशावर घडवतात. बाहेरून राक्षस, पण आतून त्या माणसाचा चेहरा उमटतो. मॅक्सेनचा ठसा घेतलाच नव्हता. हो ना रे?"

"कुणी विचारलंसुद्धा नाही."

"तीन आठवड्यांत सगळं हवं होतं. एलुनेडनं फळीवरचा जुना ठसा घेतला. इदवालचा. भुवईवरच्या खाचेच्या जागी मुखवट्यात आतून कंगोरा आला, तो मॅक्सेनला रुततो. नाकाचंही तेच. पण ठसा भट्टीत तडकला. म्हणजे इदवालचा चेहरा आता फक्त त्या डोक्याच्या आत उरलाय. आणि तो आपण बारा वाजता फोडणार होतो."

मेरेरिडनं खिशातला टवका बाकावर ठेवला.

"मोरीपाशी सांडलेली पावडर नव्हती. पावडर ओल्या फडक्यानं पुसली जाते. ते घट्ट झालेलं प्लास्टर होतं. काल सगळे गेल्यावर कुणीतरी खुंटीवरची किल्ली घेऊन डोक्यात प्लास्टर ओतलं, चेहरा परत मिळवायला. मग ओलं डोकं वाळवायला हवं. हात आठवडाभर रिकामे आहेत, तर भट्टी गरम का, एलुनेड?"

एलुनेडनं स्वतःच भट्टीचं दार उघडलं. ढेरपोट्या आत होता.

"चोरायचं नव्हतं गं. सकाळच्या आत पेटीत ठेवणार होते. पण वाळेचना." ती टेलेरीकडे वळली. "आठला तू डोकं शोधत आलीस तेव्हाच बोलायला हवं होतं. माझी जीभच उचलली नाही. माफ कर मला."

"अगं बाई, मला आधी सांगायचंस की! मीच धरलं असतं ते डोकं," टेलेरी म्हणाली आणि तिला बिलगली.

"मग चेहरा मिळाला ना?" मॅक्सेननं विचारलं.

एलुनेडनं बाकाखालून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. रबर मऊ, प्लास्टर जड. वजनानं गाल ओघळले होते, भुवई पसरली होती. तो कुणाचाच चेहरा नव्हता.

"चाळीस वर्षं लोकांची तोंडं घडवली," ती म्हणाली, "आणि त्याचंच बिघडवलं. जा, घेऊन जा ते डोकं. फोडा. लोक हसले की त्याला फार आवडायचं."

हेद्विननं घसा खाकरला. "टेलेरी, मी जे बोललो..."

"नंतर बोल," टेलेरी म्हणाली.

बाराला मॅक्सेननं ढेरपोट्याची शेवटची वाक्यं म्हटली. मग डोकं काढून पुतळ्यावर चढवलं, आतून कस्टर्ड भरलं. उचकी. फटाक! सगळा स्टुडिओ खो खो हसला. हेद्विनच्या चष्म्यावर हिरवे शिंतोडे उडाले तेव्हा तर लोक पोट धरून बसले.

एलुनेड तिकडे पाहतच नव्हती. ती मॅक्सेनसमोर उभी होती. त्याच्या डाव्या भुवईवर, इदवालची चिरलेली होती तिथंच, लाल रेघ उमटली होती. तिनं त्या रेघेवर हलकेच बोट ठेवलं.

"दुखतं का रे?"

"नाही," मॅक्सेन खोटं बोलला आणि खाली वाकला, तिचा हात नीट पोहोचावा म्हणून.

मेरेरिडनं कॅमेरा उचलला. तो फोटो तिच्या कामाचा नव्हता, तरी तिनं काढला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत रेघ पुसली गेली.